रुकय्या आपांचे स्वप्न आणि आपल्या मुली

मार्चमधली गोष्ट. नववीच्या वर्गावर ऑफ तास होता. सोलापूरचे ऊन काही नवीन सांगायला नको. दुपारी दोनला पंखा गरम हवाच फिरवत होता. मुली कंटाळल्या होत्या. म्हटले, चला, एक गोष्ट सांगते. एका देशाची गोष्ट. त्या देशात शाळा, कचेऱ्या, विद्यापीठे, राज्यकारभार, सगळे बायका चालवतात आणि पुरुष मर्दान्यात बसून स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात. पहिल्याच वाक्याला वर्ग हसला. मग त्या देशातल्या बाया सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक करतात आणि ढगांना नळ्या लावून हवे तेवढे पाणी उतरवून घेतात, असे सांगितले तशी हसू थांबले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, म्हणजे तिथे पाणी रोज येतं?"

चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहत घागरी भरणाऱ्या मुलीलाच असा प्रश्न सुचतो. मी म्हटले, "हो, रोज." पुढचा प्रश्न आला, "ही गोष्ट कोणी लिहिली?" मी म्हटले, "एका मुसलमान बाईंनी. 1905 साली." वर्गात कोणाचाही विश्वास बसला नाही.

त्या बाई म्हणजे रुकय्या सखावत हुसैन. बंगालीत त्यांना बेगम रोकेया म्हणतात. आपण आपल्या उच्चाराने रुकय्या म्हणू. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एखादी रुकय्या असतेच. 9 डिसेंबर हा त्यांच्या जन्माचा दिवस मानतात आणि त्यांचा इंतकालही 9 डिसेंबरलाच झाला, 1932 साली, कोलकात्यात. बांगलादेशात हा दिवस दरवर्षी रोकेया दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे मात्र उर्दू शाळेत शिकलेल्या आणि मराठी वाचणाऱ्या घरांतही त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. मलाही बीएड होईपर्यंत माहीत नव्हते. म्हणून हा लेख.

माळ्यावर लपलेली मुलगी

रुकय्यांचा जन्म 1880 सालचा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावचा. आज हे गाव बांगलादेशात आहे. वडील मोठे जमीनदार, अरबी-फारसीचे जाणकार. मुलांना त्यांनी कोलकात्याला कॉलेजात पाठवले. मुलींनी मात्र कुरआन पढावा, थोडे उर्दू-फारसी शिकावे, एवढेच. बंगाली ही आसपासच्या सगळ्या मुलखाची भाषा, पण ती शिकणे खानदानाला शोभत नाही असे मानले जाई. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता.

पडदा इतका कडक की पाचव्या वर्षापासून रुकय्यांना परक्या बायकांपासूनही लपावे लागे. एकदा बिहारकडच्या नातेवाइकांच्या मोलकरणी घरी आल्या. घरभर त्यांचा वावर, म्हणून ही चिमुरडी चार दिवस माळ्यावरच्या खोलीत लपून राहिली. तिच्याच वयाचा एक भाचा आठवण झाली की दूध वगैरे आणून देई. नाही झाली की ती तशीच उपाशी. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि तेही रडत नाही, हसत हसत.

शिकवले ते भावाने आणि बहिणीने. थोरले भाऊ इब्राहिम साबेर रात्री सगळे झोपले की मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवत. थोरली बहीण करीमुन्निसा स्वतः चोरून बंगाली शिकली होती, कविता करत होती. तिने धाकटीला बंगाली दिली. हे ऋण रुकय्या विसरल्या नाहीत. 'मोतीचूर' या निबंधसंग्रहाचा 1922 सालचा दुसरा भाग त्यांनी बहिणीला अर्पण केला आणि 1924 सालची 'पद्मराग' ही कादंबरी भावाला. आपल्या घरातल्या एखाद्या भावाने बहिणीची फी भरली असेल, एखाद्या बहिणीने स्वतःची शाळा सोडून धाकटीला पुढे ढकलले असेल, तर त्यांनी हे वाचून थोडे सुखावायला हरकत नाही.

दौऱ्यावरचे पती आणि एक गोष्ट

लग्न झाले ते भागलपूरच्या सय्यद सखावत हुसैन यांच्याशी. ते उर्दूभाषक, विलायतेत शिकून आलेले, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. वयाने बरेच मोठे आणि बिजवर. असल्या लग्नाचे पुढे काय होते ते आपण पुष्कळ पाहिले आहे. इथे मात्र वेगळे घडले. पतीने पत्नीला इंग्रजी वाचायला लावले, लिहायला लावले.

एकदा सखावत हुसैन दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असलेल्या रुकय्यांनी वेळ जावा म्हणून इंग्रजीत एक गोष्ट लिहून काढली. पती परत आले तेव्हा त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचून संपवली आणि म्हणाले की हा तर पुरुषांवर उगवलेला जबरदस्त सूड आहे! आणि ती गोष्ट त्यांनी फाडली नाही, दडवलीही नाही. छापायला पाठवण्याचा आग्रह धरला. 1905 साली मद्रासहून निघणाऱ्या, कमला सत्तियानाधन यांच्या संपादनाखालच्या इंडियन लेडीज मॅगझिनमध्ये ती आली. 1908 साली पुस्तकही निघाले. तीच ही 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचे स्वप्न.

गोष्ट थोडक्यात अशी. सुलताना खुर्चीत पडून हिंदुस्थानातल्या बायकांच्या दशेचा विचार करत असते. तिचा डोळा लागतो. ओळखीच्या सारा नावाच्या बाईसारखी दिसणारी एक बाई येते आणि तिला बाहेर फिरायला नेते. दिवसाढवळ्या रस्त्यावर! सुलताना लाजून चूर होते, पण रस्त्यावर एकही पुरुष नाही. सगळीकडे बागा. ही बायकांची नगरी. इथे पोलीस-कोर्टाची गरज नाही, रोगराई नाही, एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न करायला कायद्याने बंदी आहे. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते.

हे झाले कसे? राणीने हुकूम काढला की सगळ्या मुली शिकल्या पाहिजेत. बायकांसाठी दोन विद्यापीठे निघाली. एकीने ढगांतून पाणी उतरवण्याची युक्ती शोधली, दुसरीने सूर्याची उष्णता साठवण्याची. पुरुष तेव्हा फौज वाढवण्यात गुंतले होते; या शोधांची त्यांनी टिंगल केली. मग शेजारच्या राजाने चढाई केली. आपली फौज हरली, जखमी होऊन परतली. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रमुख बाईंनी एक अट घातली. आम्ही बाहेर पडतो, पण त्याआधी पुरुषांनी जनान्यात जावे, म्हणजे आमचा पडदा राहील. थकलेले पुरुष निमूट आत गेले. मग दोन हजार विद्यार्थिनी मैदानावर गेल्या आणि साठवलेल्या उन्हाचे झोत शत्रूवर सोडले. शत्रू पळाला. आत गेलेले पुरुष आतच राहिले.

शेवटी सुलतानाचे स्वप्न मोडते आणि ती पुन्हा आपल्या खुर्चीत असते.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसले होते. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा पाहिले की विजय तलवारीने मिळालेला नाही, प्रयोगशाळेने मिळवून दिला आहे. सौर चुली आणि कृत्रिम पाऊस हे शब्द तेव्हा रोजच्या बोलण्यात नव्हते. लिहिणाऱ्या बाईने शाळेचा उंबरठाही कधी ओलांडला नव्हता. पुरुषांना कोंडून ठेवावे असे रुकय्यांना मुळीच वाटत नव्हते. त्यांनी फक्त आरसा धरला होता. पुरुष आत कोंडलेले वाचून आपल्याला हसू येते, मग बायका कोंडलेल्या पाहून का येत नाही? या एका प्रश्नासाठी ही सगळी नगरी रचली आहे.

आपल्या मराठीतली अशीच एक नगरी

इथे एक मराठी आठवण सांगितलीच पाहिजे. काशीबाई कानिटकर, जन्म 1861, सांगलीकडच्या आष्ट्याच्या. मराठीतल्या पहिल्या मोठ्या लेखिकांपैकी एक. त्यांचेही लग्न लहानपणीच झाले आणि लिहिणे-वाचणे लग्नानंतर, घरच्यांच्या नजरा चुकवत झाले. त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी 1928 साली पुस्तकरूपाने आली. तीत एका संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती येतो आणि त्या तो नीट चालवून दाखवतात. एक ब्राह्मण घरातली, एक जमीनदार मुसलमान घरातली. एक मराठीत लिहिणारी, एक बंगाली-इंग्रजीत. दोघींना आपली वेदना सांगायला कल्पनेतले राज्यच बांधावे लागले. खऱ्या राज्यात जागा नव्हती, हे त्याचे कारण उघड आहे.

आणि त्याही आधी, पुण्यात, सावित्रीबाई फुले यांच्यासोबत फातिमा शेख होत्या. सावित्रीबाईंनी 1856 साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. म्हणजे मुसलमान बाईने मुली शिकवणे ही आपल्या महाराष्ट्रात काही बाहेरून आलेली कल्पना नाही.

पाच मुलींची शाळा

स्वप्न लिहिणे एक आणि ते बांधणे दुसरे. रुकय्यांच्या दोन मुली तान्हेपणीच गेल्या. 1909 च्या मे महिन्यात पतीचाही इंतकाल झाला. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. सखावत हुसैन यांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये वेगळे ठेवले होते. पाच महिन्यांत, 1 ऑक्टोबर 1909 रोजी, रुकय्यांनी भागलपुरात पाच मुली घेऊन शाळा सुरू केली. पण मालमत्तेवरून सावत्र मुलीच्या घराशी वाद वाढला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. कोलकात्याला येऊन 16 मार्च 1911 रोजी वलीउल्ला लेनमधल्या एका घरात आठ मुलींवर शाळा पुन्हा उभी राहिली. नाव सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल.

या शाळेची एक गोष्ट वाचली की मला, एका मास्तरणीला, दर वेळी भरून येते. रुकय्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वर्ग म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेच नव्हते. पाच मुलींना घेऊन शाळा काढली तेव्हा त्यांना मोठे नवल वाटे, की एकच शिक्षिका एकाच वेळी पाच जणींना कशी काय शिकवते! मग कोलकात्यातल्या मुलींच्या इतर शाळांत जाऊन त्या बसल्या, वर्ग कसा चालतो, फळा कसा वापरतात, वेळापत्रक कसे करतात ते पाहिले, आणि परत येऊन आपल्या शिक्षिकांना शिकवले. मुसलमान शिक्षिका बंगालात मिळत नसत, त्या परप्रांतातून आणाव्या लागत. ज्या बँकेत पैसे ठेवले होते ती बुडाली. तरी शाळा बंद पडली नाही.

मुली कशा मिळवल्या? बुरखा घालून घरोघरी जाऊन. आयांना, आज्यांना, वडिलांना समजावून. फी माफ करू, गाडी पाठवू, पडदा सांभाळू, पण मुलगी द्या. शाळेत कुरआन अर्थासह, उर्दू, फारसी, इंग्रजी, हिशेब, शिवण, स्वयंपाक, घरगुती शुश्रूषा, प्रथमोपचार आणि व्यायामही. मुलींनी व्यायाम करावा हे त्या काळी ऐकूनच लोक दचकत.

गाडीची गोष्ट तर त्यांनीच लिहिली आहे. शाळेची मोटारबस पालकांच्या समाधानासाठी चारी बाजूंनी बंद केली. आत इतका अंधार आणि कोंडमारा की मुली घाबरल्या, कोणी ओकल्या, कोणी बेशुद्ध पडल्या. मग बाजूची फळकुटे काढून पडदे लावले. तर लगेच पत्रे आली, काही इंग्रजीत, काही उर्दूत. वाऱ्याने पडदे उडतात, मुली बेपर्दा होतात. बंदोबस्त करा, नाहीतर वर्तमानपत्रात छापू! बंद ठेवावी तर मुली गुदमरतात, उघडावी तर बदनामी. 1931 साली निघालेल्या 'अवरोधबासिनी' या पुस्तकात असे सत्तेचाळीस किस्से आहेत. वाचताना हसू येते आणि मग गळ्यात अडकते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुकय्या दीनच्या विरोधात होत्या असे काही जण म्हणतात. त्या स्वतः बुरखा घालत, आणि बुरख्याच्या बाजूने त्यांनी निबंध लिहिला आहे. शालीन पोशाख वेगळा आणि माणसाला कोंडणे वेगळे, हा त्यांचा मुद्दा. सुरुवातीच्या एका लेखातले काही परिच्छेद फार तिखट झाले म्हणून ओरड झाली. पुस्तकात तो लेख घेताना ते वगळले गेले. पण मुलींचे शिक्षण हा मुद्दा त्यांनी कधी वगळला नाही. इल्म मिळवणे ही प्रत्येक मुसलमानाची जबाबदारी आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. रुकय्यांनी फक्त इतकेच विचारले, की यात मुलीही आल्या ना?

भाषेचा हट्ट

सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी आणखी एक गोष्ट. भागलपुरात त्यांच्या सासरी उर्दू. कोलकात्यात शाळेतल्या बहुतेक मुली उर्दू बोलणाऱ्या, म्हणून शाळा उर्दूत. बंगाली लिहा-बोलायला आसपास कोणी नाही. तरी रुकय्यांनी लिहिले ते मुख्यतः बंगालीत. ज्या मातीत राहतो तिची भाषा आपलीही आहे, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. आणि शाळेतले उर्दूही सोडले नाही.

आपण घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो, बाजारात आणि कचेरीत मराठी बोलतो, शेजारणीशी तेलुगू-कन्नडचे चार शब्दही बोलतो. यातले एक घरातले आणि बाकी परके असे आपण का ठरवावे? 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्याच सोलापुरात झाले. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर सरांसारखी माणसे, जी 2018 साली आपल्याला सोडून गेली, आयुष्यभर हेच सांगत राहिली. तुम्ही हे मासिक मराठीत वाचत आहात, म्हणजे रुकय्यांच्या त्या हट्टाचे तुम्हीही वारस आहात.

मागे राहिलेल्या मुली

1916 साली रुकय्यांनी अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम ही बायकांची संस्था काढली. गरीब वस्त्यांत जाऊन लिहायला-वाचायला, शिवायला शिकवणे, विधवांना आधार देणे, मुलांची काळजी कशी घ्यावी ते सांगणे. या कामातून एक पिढी घडली.

त्यातल्या एक शम्सुन्नाहार. जन्म 1908. चितगावला लहानपणी शाळेतून काढले गेले, मग घरी बसून अभ्यास, मॅट्रिक बाहेरून. रुकय्या त्यांना धीर देत राहिल्या. 1932 साली शम्सुन्नाहार बीए झाल्या तेव्हा सखावत मेमोरियल शाळेत त्यांचा सत्कार झाला. मी तो प्रसंग डोळ्यांपुढे आणते. स्वतः एकही परीक्षा न दिलेली बावन्न वर्षांची बाई, आणि पदवी घेऊन तिच्यासमोर उभी असलेली चोवीस वर्षांची मुलगी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रुकय्या गेल्या. मेजावर एक अपुरा लेख होता. विषय, बाईचा हक्क. त्यांना कोलकात्याजवळ सोदपूरला दफन केले.

पाच वर्षांनी, 1937 साली, शम्सुन्नाहार यांनी 'रोकेया जीवनी' हे त्यांचे चरित्र लिहिले. पाच मुलींना एकच शिक्षिका कशी शिकवते, हे ते नवल आपल्याला कळले ते या चरित्रामुळेच. शाळेच्या हिशेबात किंवा सरकारी अहवालात हे लिहिलेले नसते. ते फक्त सोबत काम केलेली, प्रेमाने ऐकून घेतलेली माणसेच सांगू शकतात. शम्सुन्नाहार पुढे कोलकात्याच्या लेडी ब्रेबोर्न कॉलेजात प्राध्यापिका झाल्या. त्यांना आणि त्यांचे भाऊ हबीबुल्ला बहार यांना काझी नजरुल इस्लाम यांनी आपला एक कवितासंग्रह अर्पण केला आहे.

दुसऱ्या सुफिया कमाल. याही शाळेत न गेलेल्या. लहानपणी रुकय्यांना भेटल्या, पुढे अंजुमनमध्ये वस्त्यांतून काम केले आणि बंगालीतल्या मोठ्या कवयित्री झाल्या. ढाका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाला आज रोकेया हॉल हे नाव आहे.

ती आठ मुलींची शाळा आजही आहे. कोलकात्यात लॉर्ड सिन्हा रोडवर, सरकारी हायस्कूल म्हणून. आणि ती छोटी गोष्ट जगभर फिरते आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने दुर्गाबाई या गोंड चित्रकर्तीच्या चित्रांसह ती काढली. 2023 साली स्पेनमधल्या इसाबेल एर्गेरा यांनी तिच्यावरून प्रेरणा घेऊन पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला. 2024 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिसूचीत तिची नोंद झाली. दौऱ्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहताना वेळ जावा म्हणून लिहिलेली गोष्ट!

माझी एक चूक

आता थोडे माझे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात हुशार. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. आठवीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मी घरी गेले. आई म्हणाली, "आपा, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. आणि इकडून तिकडून रस्ता चांगला नाही." मी चहा घेतला, समजावले आणि परत आले. पुन्हा गेले नाही. परीक्षा होत्या, पेपर होते, जनगणनेचे काम होते. कारणे पुष्कळ. दोन वर्षांनी कळले की तिचे लग्न झाले.

रुकय्यांचे चरित्र वाचताना मला हीच मुलगी आठवली. त्या एका घरी एकदाच गेल्या असत्या तर आठ मुलीही मिळाल्या नसत्या. आईने दोन अडचणी सांगितल्या होत्या, धाकटे मूल आणि रस्ता. रुकय्यांनी अशा अडचणींवर उपदेश केला नाही. रस्त्याची अडचण, तर गाडी. पडद्याची अडचण, तर पडदे. फीची अडचण, तर माफी. मी मात्र उपदेश करून परत आले.

त्या अनुभवानंतर मी माझ्यापुरता नियम केला. मुलगी सलग तीन दिवस आली नाही की घरी जायचे, आणि पुन्हा जायचे. शेजारच्या चार मुलींचा गट करायचा, म्हणजे येणे-जाणे एकत्र होते. धाकटे भावंड असेल तर अंगणवाडीची वेळ पाहून द्यायची. सगळ्या मुली परत आल्या असे नाही. काही आल्या.

आपल्याच गावातल्या विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षे पाठपुरावा करून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. गोदूताई परुळेकरांचे नाव त्या वसाहतीला आहे. अंगठा लावणाऱ्या कितीतरी बायकांनी स्वतःचे छप्पर मिळवले. बायकांनी काही उभे करणे ही सोलापुरात तरी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मग त्यांच्या मुलींची शाळा आठवीत का सुटावी?

वाचकांना विनंती

या डिसेंबरात एक काम करा. रात्री जेवणानंतर सगळे बसले की मुलांना सुलतानाच्या स्वप्नाची गोष्ट सांगा. वर दिली आहे तेवढीही पुरे. मुलग्यांनाही सांगा, ते हसतील, हसू द्या. मग विचारा, आपल्या घरात ढगातले पाणी कोण उतरवेल? उन्हावर चूल कोण पेटवेल? पाहा कोणाचे हात वर होतात.

आणि घरात, गल्लीत, नात्यात एखादी मुलगी शाळेतून बसवली असेल तर तिच्या आईकडे जा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. रुकय्या आपांसाठी यापेक्षा चांगला ईसाल-ए-सवाब मला सुचत नाही. अल्लाह त्यांची कबर नूराने भरो, आमीन.

माझ्या वर्गातल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीने गोष्ट संपल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र काढले होते. ढग, ढगातून येणारी लांब नळी, आणि खाली ओळीने ठेवलेल्या घागरी. नळीच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. मी विचारले, "ही कोण?" ती म्हणाली, "मीच. कॉक मी फिरवणार आहे."